हेलियमचा बाक

विज्ञानाच्या बाईंच्या वर्गात टाचणीसुद्धा परवानगी घेऊन पडते, असं शाळेत म्हणत. म्हणणारे शिक्षकच, आणि तेही बाई खोलीत नसताना. बाई उंच, आवाज खणखणीत, नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत. पण त्यांचं एक कोणीही मान्य करावं: शिकवत उत्तम. अणूसारखी डोळ्यांना न दिसणारी गोष्ट त्या अशी काही मांडत, की मागच्या बाकावरचं पेंगणारं पोरही मान वर करून बघे. अशा माणसाला आपण चुकत असू असं सहसा वाटत नाही. बाईंना तर ते कधीच वाटलं नव्हतं.

त्या वर्षी हेडसर निवृत्त होणार होते आणि त्यांच्या खुर्चीवर दोघांचा डोळा होता, एक बाईंचा आणि दुसरा भाषेच्या सरांचा. सर गोड बोलून कामं करून घेणारे, तर बाईंचा सगळा भर निकालावर आणि धाकावर. हेडसरांनी दोघांनाही एकेकटं गाठून होकार दिल्यासारखं केलं होतं, कारण त्यांना उरलेले दिवस शांततेत काढायचे होते. खरं ठरणार होतं ते तपासणीच्या दिवशी. वरून तपासनीस येणार, दोघांचा एकेक तास बघणार, आणि ते जे म्हणतील त्यावर खुर्ची जाणार. बाईंना ती खुर्ची हवी होती. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या सह्यांसाठी दाराबाहेर उभं राहून त्यांचा जीव विटला होता, आणि त्यात गैर काहीच नव्हतं.

आणि नेमका त्याच वर्षी त्यांच्या वाट्याला आला तो वकील आणि बोका या टोपणनावांची दोन पोरं असलेला वर्ग.

वकील काटकुळा, चष्मेवाला. वाद घालायला त्याला निमित्त लागत नसे. बोका आडदांड, कमी बोलणारा, पण एकदा मनात धरलं की सोडत नसे. दोघेही हुशार, दोघांनाही पहिलंच यायचं होतं, आणि दोघांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. प्रयोगशाळेत एका दिव्यावरून जुंपली तेव्हा काचेची नळी फुटली. मधल्या सुट्टीत जुंपली तेव्हा वकिलाचा पुढचा दात अर्धा तुटला आणि तो तुकडा बोक्याच्या मनगटात रुतला. दोघांच्या आया हेडसरांच्या खोलीत समोरासमोर आल्या, तर त्या पोरांच्याही वरताण निघाल्या. हेडसरांनी घाम पुसत बाईंना सांगितलं की तपासणीआधी हे मिटलं पाहिजे, कसं ते तुम्ही बघा.

बाईंनी दोघांना वर्गाच्या दोन टोकांना बसवलं, तर ते खडूच्या तुकड्यांनी नेम धरायला लागले. बाहेर उभं केलं, तर व्हरांड्यात जुंपली. शिक्षेने दोघे आणखीच पेटत. आणि मग एका दुपारी, केंद्रकाच्या धड्याची तयारी करता करता बाईंना सुचलं. शिक्षकांच्या खोलीत त्या एकट्याच हसल्या. भाषेच्या सरांनी चहाच्या कपावरून बघितलं, पण विचारायचं धाडस केलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात प्रोटॉन काढले. अणूच्या मधोमध केंद्रक, आणि केंद्रकात प्रोटॉन. प्रत्येक प्रोटॉनवर धन प्रभार. सारखे प्रभार एकमेकांना ढकलतात, आणि जितके जवळ आणाल तितक्या जोराने ढकलतात. मग एवढ्याशा जागेत हे भांडकुदळ कोंबले कसे जातात, बाईंनी विचारलं. उडून का जात नाहीत? मग बाईंनी दोन तांबड्या गोळ्यांच्या मध्ये एक करडा गोळा काढला. हा न्यूट्रॉन, त्या म्हणाल्या. याच्यावर प्रभार नाही, म्हणून हा कोणाला ढकलत नाही, आणि कोणी याला ढकलत नाही. पण केंद्रकात आणखी एक ओढ असते, अगदी खेटून बसल्यावरच लागू होणारी, आणि ती याच्यात प्रोटॉनइतकीच असते. म्हणजे धरून ठेवायला हा पुढे आणि भांडायला कुठेच नाही. नुसते दोन प्रोटॉन एकत्र कधीच टिकत नाहीत. मध्ये एक न्यूट्रॉन आला की झाला हलका हेलियम, आणि तो कायमचा टिकतो.

मग त्यांनी वकिलाला आणि बोक्याला पुढच्या तीन जणांच्या बाकावर दोन टोकांना बसवलं आणि म्हणाल्या, "आता मध्ये कोण?"

ते त्यांनी आदल्या दिवशीच ठरवलं होतं. वर्गात गरीब, तोंडातून चकार शब्द न काढणारी पोरं पाच-सहा तरी होती. पण त्यांच्यापैकी कोणाला बसवलं तर उद्या त्याचे आईबाप येणार, आणि ते भाषेच्या सरांच्या कानावर जाणार. तक्रार घेऊन येणार नाही अशी आई त्या वर्गात एकच होती, आणि ती फळ्यासमोर उभी होती. बाईंची मुलगी चिमी त्याच वर्गात होती. बाईंनी तिच्याकडे बोट केलं.

चिमी उठली, दप्तर उचललं आणि मध्ये जाऊन बसली. ती अशीच होती. लहानपणी ताप आला तरी सांगायची नाही, कोणीतरी अंगाला हात लावल्यावर कळायचं. तिचा बाप फिरतीच्या नोकरीवर, महिन्यातून एखादा रविवार घरी. तो म्हणायचा की हिला वाढवायला काही त्रासच नाही, झाडासारखी आपली आपण वाढते. ते कौतुकच होतं त्याच्या दृष्टीने. शाळेत तिने आईला बाईच म्हणायचं, असा बाईंचा दंडक होता, आणि पेपर तपासताना बाई तिचा अर्धा गुण इतरांपेक्षा जास्तच कापत. कोणी बोट दाखवायला नको. आपल्या पोटच्या पोरीला अवघड जागी बसवलं, यात बाईंना आपला मोठेपणाच वाटला.

आणि गंमत म्हणजे उपाय लागू पडला. पहिले काही दिवस दोघे चिमीच्या डोक्यावरून एकमेकांना शिव्या देत आणि तिच्या पाठीमागून हात लांब करून टपल्या मारत. त्यातल्या निम्म्या तिला लागत. पण हळूहळू ते थांबलं. महिनाभरात दोघे सुतासारखे सरळ झाले. वर्गात आवाज नाही, व्हरांड्यात धक्काबुक्की नाही. एकदा तर बाईंनी दोघांना शाळा सुटल्यावर एकत्र घरी जाताना पाहिलं, एकाच छत्रीखाली, खिदळत. हेडसर म्हणाले की बाई, तुम्ही जादू केलीत. बाई म्हणाल्या की जादू नाही, विज्ञान आहे. त्या बाकाला सगळी शाळा हेलियमचा बाक म्हणायला लागली आणि चिमीला न्यूट्रॉन. खालच्या वर्गातली पोरंही तिला त्याच नावाने हाक मारत, आणि ती मागे वळून बघत असे.

तपासणीच्या तासाला हाच धडा घ्यायचा, हे बाईंनी तेव्हाच नक्की केलं. बाक सगळ्यांसमोर मांडायचा. मधला न्यूट्रॉन काढायचा, दोघे एकमेकांना ढकलून टोकांना जाणार. न्यूट्रॉन परत बसवायचा, सगळं स्थिर. भाषेचे सर एखादी कविता गाऊन दाखवतील फार तर. त्यांनी तालीमही घेतली. खूण केली की वकील आणि बोका खोटंखोटं धक्के मारत बाकाच्या कडेला जात, आणि वर्ग खो खो हसे. चिमी फळ्याजवळ उभी राही. ती हसत नसे, पण ती तशीही कुठे हसायची.

तिचं अक्षर बिघडलं होतं. वहीत मध्येच एखादी ओळ एकदम उडून पानाच्या कडेपर्यंत गेलेली असे, कोणी हात हिसकल्यासारखी. बाईंनी त्याचेही गुण कापले.

मग चिमीला ताप आला. तिची आत्या, म्हणजे बाईंची धाकटी नणंद, वरच्या मजल्यावर राही. ती नर्स होती, मोठ्या इस्पितळात सर्जरीच्या वॉर्डात, आणि तिची जीभ तिच्या सुयांपेक्षा टोचे. संध्याकाळी ड्यूटीवरून येताना ती इंजेक्शन द्यायला आत गेली, आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आली तेव्हा हात पुसत बाईंच्या टेबलासमोर उभी राहिली.

"वहिनी, पोरीच्या मांड्या बघितल्यास का?"

डास फार झालेत, असं काहीतरी बाई म्हणाल्या. समोर पेपरांचा गठ्ठा होता, त्यांनी मान वर केली नाही.

"डास ओळीने चावत नाहीत," आत्या म्हणाली. "हे कर्कटकाचं टोक आहे. दोन्ही बाजूंना, जुन्यावर नवं, नव्यावर आणखी नवं. एक जागा पिकलीये, त्याचा ताप आहे हा. तुझ्या वर्गात बसते ना गं ती? तुझ्या नाकासमोर?"

बाई आत गेल्या. चिमी भिंतीकडे तोंड करून पडली होती. त्यांनी पांघरूण बाजूला केलं. डाव्या मांडीवरच्या खुणा नीट होत्या, ओळीत, सारख्या अंतरावर. उजवीकडच्या खोल, वेड्यावाकड्या, एकात एक घुसलेल्या. बाईंना दोघांची अक्षरं चांगली ठाऊक होती. कोणती बाजू कोणाची हे कोणी सांगायला नको होतं.

"कधीपासून?"

खूप दिवस झाले, चिमी म्हणाली. आधी ते एकमेकांना टोचायचे, तिच्या आडून. मग तिला टोचायला लागले. मग त्याचा खेळ झाला. जो तिला आधी ओरडायला लावेल तो जिंकला.

"आणि?"

"अजून कोणी जिंकलं नाही."

बाई पलंगाच्या कडेवर बसल्या. त्यांना रडू आलं, हे मान्य केलं पाहिजे. त्या क्षणी ती दोन कार्टी समोर असती तर त्यांनी त्यांना सोलून काढलं असतं. त्यांनी पोरीच्या केसांतून हात फिरवला आणि विचारलं की तू सांगितलं का नाहीस मला.

"तूच म्हणालीस ना वर्गात, न्यूट्रॉन कोणाला ढकलत नाही." आणि मग, भिंतीकडेच बघत, "मला उठव तिथून, आई."

इथे दुसरी कुठलीही आई उठली असती आणि दुसऱ्या दिवशी शाळेत आकाशपाताळ एक केलं असतं. बाईंच्याही तोंडाशी हो आलं होतं. पण तपासणी पुढच्याच आठवड्यात होती. आता बाक मोडला तर ती दोघं पुन्हा एकमेकांच्या नरडीला लागणार. आता बोभाटा केला तर पहिला प्रश्न हाच येणार की बाई, तुमच्या नाकासमोर चाललेलं तुम्हाला दिसलं नाही? आणि तो प्रश्न सगळ्यात गोड आवाजात भाषेचे सर विचारणार. हे सगळं बाईंच्या डोक्यात मुलीच्या केसांतून हात फिरवता फिरवताच येऊन गेलं. त्यांचा पाय घसरला असं म्हणायची सोय नाही. एकेक पायरी बघून उतरल्या त्या.

"तपासणी होईपर्यंत कळ काढ," त्या म्हणाल्या. "ते लोक येऊन गेले की त्याच दिवशी उठवते. शप्पथ."

चिमीने बरं म्हटलं.

आत्या दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती म्हणाली की मी उद्या शाळेत येते आणि त्या दोघांना वॉर्डात नेऊन सुया दाखवते. बाई खालच्या आवाजात म्हणाल्या की मी कधी तुझ्या वॉर्डात येऊन तुला शिकवते का, हे माझं घर आणि माझी शाळा आहे, आणि माझी पोर आहे. आत्याने ट्रे उचलला. जाताना ती फक्त चिमीला सांगून गेली की मलम रोज लाव. त्यानंतर ती येत राहिली, पण चिमीपुरती. वहिनीशी तिने बोलणं टाकलं.

बाई काहीच करत नव्हत्या असं नाही. त्यांनी चिमीला जाड कापडाची विजार आणून दिली. वर्गात फर्मान काढलं की भूमितीचा तास सोडून कंपासपेटी कोणी बाहेर काढायची नाही. त्या दोघांना मात्र त्या एक शब्द बोलल्या नाहीत, कारण त्यांना ते चिडायला नको होते, आणि त्या दोघांना हे लगेच कळलं. पोरांना असल्या गोष्टी धड्यापेक्षा लवकर कळतात. कर्कटक गेलं, पेनाची निब आली, मग नुसती नखं. बाई फळ्याकडे तोंड करून लिहीत असताना त्यांची पाठ आता पुढच्या बाकाकडे कान लावून असे. आवाज काही येत नसे. एखादे दिवशी वळून बघितलं तर तिघेही सरळ बसलेले, सहा डोळे फळ्यावर. तपासणीला दाखवावा असा बाक.

आणि तपासणी पुढे गेली. तपासनीस आजारी पडले म्हणे. आठवडा गेला, मग दुसरा. चिमीने जेवताना एकदा विचारलं की कधी येणार आहेत ते. बाई म्हणाल्या की येतील. तिने दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा बाई दिवसभराच्या कटकटीने वैतागलेल्या होत्या. ती म्हणाली की दोनच दिवस मागे बसू का, तपासणी आली की परत पुढे येईन.

"न्यूट्रॉन केंद्रकात असतो तोवरच टिकतो," बाई म्हणाल्या. "बाहेर सुटा पडला की पाव तासात मोडून जातो. पुढच्या धड्यात आहे, वाचून ठेव."

बोलून गेल्यावर त्यांनाच ते कसंसं वाटलं. पण वाक्य बरोबर होतं, आणि बरोबर वाक्य मागे घ्यायची त्यांना सवय नव्हती. चिमीने ताट उचललं, घासून ठेवलं आणि खरंच तो धडा वाचायला बसली. त्यानंतर तिने विचारलं नाही.

तपासनीस आले ते एका ढगाळ सकाळी. बारीक चणीचा, केस पिकलेला माणूस, हातात स्वतःची पाण्याची बाटली. आधी त्यांनी भाषेच्या सरांचा तास बघितला. तो यथातथाच झाला असावा, कारण सर बाहेर आले ते घाम पुसत. मग सगळी वरात बाईंच्या वर्गात आली. तपासनीस पहिल्या खिडकीजवळ, त्यांच्यामागे हेडसर, आणि भिंतीला टेकून, आपला निकाल ऐकून झालेल्या माणसासारखे, भाषेचे सर.

बाईंनी सुरुवात झकास केली. तांबडे गोळे, करडा गोळा, ढकलणं, ओढ. तपासनीस मान डोलवत होते. मग बाई म्हणाल्या की हे आता आपण प्रत्यक्ष बघू, आणि हेलियमच्या बाकाची सगळी हकीकत सांगितली, ही दोन मुलं कशी भांडत आणि न्यूट्रॉनने ती कशी बांधली. हेडसरांनी मध्येच सांगितलं की साहेब, शब्दन् शब्द खरा आहे. बाईंनी चिमीला फळ्याजवळ बोलावलं आणि खूण करायला हात वर केला.

"थांबा बाई," तपासनीस म्हणाले. "खूण नको."

ते उठून पुढे आले. त्यांनी आयुष्यभर तालीम केलेले तास पाहिले होते, आणि त्यांना त्याचा वीट आला होता. ते वकिलाला आणि बोक्याला मायेने म्हणाले की बाळांनो, बसवलेलं नाटक नको, बाजूला कोणी नसताना तुम्ही एरवी जसे बसाल तसे बसा. आणि बाईंना म्हणाले की तुम्ही शिकवत राहा, बघू या प्रोटॉन आपणहून काय करतात.

बाई शिकवत राहिल्या. बोलता बोलता त्या बाकाकडे बघत होत्या. दोघे आधी गोंधळले. मग वकील सरकला, मधल्या रिकाम्या जागेत. बोकाही सरकला. वकिलाने काहीतरी पुटपुटलं, बोक्याने हसू दाबलं. बोक्याची पेन्सिल खाली पडली ती वकिलाने उचलून दिली. दोघे खांद्याला खांदा लावून बसले, अर्ध्या तुटलेल्या दातासकट सगळे दात दाखवत. इतके जिवलग मित्र त्या वर्गात दुसरे कोणी नव्हते.

भिंतीपाशी भाषेचे सर खोकले. तपासनिसांचे डोळे चमकले.

"बाई, तुमचा हेलियम न्यूट्रॉनशिवायच टिकतोय की."

वर्गात कोणीतरी फिस्सकन हसलं. त्या क्षणी त्यांना दोन गोष्टी एकदम कळल्या. ही दोघं कधीपासूनच भांडत नव्हती. आणि चिमीला हे पहिल्यापासून माहीत होतं, त्यांनी तिला कधी विचारलंच नव्हतं. एकाच छत्रीखाली खिदळत जाणारी ती पोरं त्यांना आठवली. कशाला खिदळत होती, हेही समजलं. पण समजून घ्यायला आत्ता वेळ नव्हता. खुर्ची डोळ्यांदेखत भिंतीकडे सरकत होती.

"चिमे," त्या म्हणाल्या, कारण दुसरं काही सुचेना, "तू सांग साहेबांना. हे दोघे भांडायचे की नाही?"

"भांडायचे," चिमी म्हणाली.

"मग आता का नाही भांडत?" तपासनिसांनी विचारलं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

चिमीने आईकडे बघितलं नाही. ती एखाद्या प्रश्नाचं उत्तर द्यावं तशी सरळ उभी राहून बोलली.

"मला टोचायला लागल्यापासून नाही भांडत. त्यांचा खेळ आहे तो. मी आत्ता इथे उभी आहे, पण मी परत तिथेच येऊन बसणार हे त्यांना माहीत आहे."

वकील बाकावरची रेघ नखाने कोरायला लागला. हेडसरांनी घड्याळ बघितलं. तपासनीस चिमीकडे, तिच्या त्या जाड विजारीकडे, आणि मग बाईंकडे बघत राहिले. हातातली बाटली त्यांनी टेबलावर ठेवली.

"आणि ही परत तिथे बसलीच नाही तर?" त्यांनी विचारलं.

त्यांनी आवाज चढवला नव्हता. त्यात आरोपही नव्हता अजून. तो दार उघडून धरल्यासारखा प्रश्न होता, आणि बाईंना तो तसाच ऐकू आला. एवढंच म्हणायचं होतं की नाही बसणार. तासाचा विचका झाला असता, खुर्ची गेली असती, पण चिमी तिथून सुटली असती, सगळ्यांसमोर, कायमची. चिमीनेही आता पहिल्यांदाच मान वळवून आईकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर विनवणी नव्हती. ती वाट बघत होती, एवढंच.

बाईंनी खडू उचलला.

"तर दोघे दात पाडतील एकमेकांचे, आणि केंद्रक फुटेल, साहेब," त्या हसून म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज पुन्हा खणखणीत झाला. "हिने आत्ता जे सांगितलं तोच आजचा धडा. प्रोटॉन आपल्या गुणाने एकत्र राहत नाहीत. त्यांना जे धरून ठेवतं ते मधलं असतं. ते मिनिटभर बाजूला दिसलं तरी बांधणी त्याचीच. आणि टोचण्याचं म्हणाल तर पोरं आहेत, थट्टामस्करी चालायचीच. माझीच मुलगी आहे ती साहेब. मला ठाऊक नसेल का?"

हे शेवटचं वाक्य पुरेसं झालं. तपासनीस क्षणभर घोटाळले. आईच म्हणतेय म्हटल्यावर आपण कोण, असं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावरून सरकून गेलं, आणि बरंही वाटलं त्यांना, कारण पुढे त्यांना आणखी एक शाळा होती. हेडसर मोठ्याने म्हणाले, वा, आणि टाळी वाजवली. मग वर्गानेही वाजवली. भाषेच्या सरांनी सगळ्यात शेवटी, पण वाजवली.

"चिमे, जागेवर जाऊन बस."

चिमी गेली. वकील एका बाजूला सरकला, बोका दुसऱ्या. अगदी अदबीने जागा करून दिली दोघांनी. ती मध्ये बसली आणि दोन्ही हात मांड्यांखाली घेतले. तपासनिसांनी खिशातून पेन काढलं, आणि ते म्हणाले की बाई, कल्पना छान आहे, पण ही फक्त हेलियमपुरतीच का? पुढच्या अणूंचं काय?

बाई खुशीत फळ्याकडे वळल्या. त्यांनी चिमीकडे बघितलं नाही, बघायची गरज त्यांना वाटली नाही. अणू जसजसा मोठा होत जातो, त्या म्हणाल्या, तसतशी आतली ढकलाढकल वाढते, आणि ती सांभाळायला न्यूट्रॉन अधिकाधिक लागतात. जड अणूंमध्ये तर प्रोटॉनांपेक्षा कितीतरी जास्त. त्यांनी हेलियमच्या बाकामागचे बाक मोकळे करायला सांगितले आणि वर्गातली आणखी तीन वांड पोरं नावानिशी उभी केली.

"हे तीन प्रोटॉन, म्हणजे लिथियम," त्या म्हणाल्या. "याला चार न्यूट्रॉन लागतात."

आणि त्या वर्गावरून नजर फिरवायला लागल्या. कधी तोंड न उघडणारी ती पाच-सहा पोरं, कोणी खिडकीशी, कोणी शेवटच्या रांगेत. त्या सगळ्यांनी एकाच वेळी माना खाली घातल्या.